प्रबंध : पेटीतला आणि पेठेतला

ज्या घरात एक माणूस पीएच.डी. करतो, त्या घरात हळूहळू सगळेच पीएच.डी. करू लागतात. आई चहाचे कप टेबलावरच्या कागदांना न लावता ठेवायला शिकते. वडील पाहुण्यांना ‘सध्या तिसरे प्रकरण चालू आहे’ असे गंभीरपणे सांगू लागतात. धाकट्या भावाला संदर्भसूची अकारविल्हे लावायला बसवतात आणि लग्नाची गोष्ट काढणाऱ्या आत्याबाईंना ‘आधी प्रबंध, मग बाकीचे’ असे उत्तर मिळते. चारपाच वर्षांनी एकदाचा प्रबंध पुरा होतो, तोंडी परीक्षा होते, पेढे वाटले जातात. मग कोणीतरी म्हणते, “झाले, आता फक्त ग्रंथालयात जमा करायचा.”

या ‘फक्त’ शब्दाबद्दलच आज थोडे बोलावयाचे आहे.

पूर्वी हे जमा करणे म्हणजे काय होते, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. टंकलेखकाकडे हस्तलिखित द्यायचे. कार्बन लावून निघतील तेवढ्या प्रती काढायच्या; पहिली ठळक आणि शेवटची इतकी पुसट, की ती ज्याच्या वाट्याला येई त्याने विद्वत्तेपेक्षा दृष्टीचीच परीक्षा द्यावी. मग रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. एक प्रत विद्यापीठात, एक विभागात, एक मार्गदर्शकांकडे आणि एक आपल्या घरी शोकेसमध्ये, चिनी मातीच्या हत्तींच्या शेजारी. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले, तेव्हापासून कितीतरी प्रबंध असे कपाटात गेले. ज्याला वाचायचा असेल त्याने पुण्याला यावे, परवानगी काढावी, तिथेच बसून टिपणे घ्यावीत. जुन्नरच्या शाळामास्तराला किंवा मंचरच्या शेतकऱ्याला हे जमायचे कधी?

आता रीत पालटली आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ सालापासून प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यावा असा नियम केला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्यासाठी ‘शोधगंगा’ नावाचे भांडार उघडले. त्यात आज देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. २०२२ च्या नियमांनुसार तर पदवी जाहीर होण्यापूर्वीच विद्यापीठाने ही प्रत तिकडे पाठवावयाची असते. विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पीडीएफ द्यायची, ग्रंथालयाने ती तपासून भांडारात चढवायची, अशी ही व्यवस्था. एकदा ती चढली, की घोडेगावच्या एस.टी. स्थानकावर बसलेला माणूससुद्धा हातातल्या फोनवर ती उघडू शकतो. पेटीतला प्रबंध पेठेत आला तो असा.

पेठेत आला म्हटले, की मध्यमवर्गीय घराला पहिली भीती वाटते ती चोरीची. “पाच वर्षे खपून लिहिलेले असे उघड्यावर ठेवायचे? उद्या कोणी उचलले तर?” भीती साधी आहे, पण जरा उलटून पाहू. चोरी कपाटातल्या प्रबंधाची सोपी की चव्हाट्यावरच्या? ज्याच्या दोनच प्रती आहेत त्यातली चाळीस पाने कोणी उतरवून घेतली तर ती ओळखणार कोण? भांडारातल्या प्रबंधाशी नवे लेखन यंत्राने ताडून पाहता येते आणि हल्ली प्रबंध सादर करण्यापूर्वी तसे ताडणे बंधनकारकच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत त्याच्या पायऱ्या ठरल्या आहेत : दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना, त्यावर चाळीसपर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून देणे, साठपर्यंत गेले तर वर्षभर मनाई, आणि साठाच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. शिवाय आपला प्रबंध अमुक दिवशी जमा झाला, ही नोंद हाच आपल्या मालकीचा पुरावा असतो. शोधगंगेवरच्या प्रबंधांच्या अटीही स्पष्ट आहेत. वापरणाऱ्याने लेखकाचे नाव द्यावे, व्यापार करू नये आणि त्यावरून काही नवे रचले तर तेही याच अटींवर खुले ठेवावे.

दोन बाबतींत मात्र सावधगिरी हवी. प्रबंधात पेटंट घेण्याजोगे काही असेल, तर अर्ज आधी करावा. एकदा सर्वांसमोर आलेली गोष्ट नवी मानली जात नाही. आणि प्रबंधाचे पुस्तक होणार असेल, तर काही काळ तो बंद ठेवण्याची सोय आपल्या विद्यापीठात आहे का, हे ग्रंथपालांना जमा करण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारून उपयोग नाही. ही बंदी मुदतीची असावी, कायमची नव्हे. जुन्नर तालुक्यातच खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिचा कित्ता गिरवण्याजोगा आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. जगातला कोणीही संशोधक तिच्यावर वेळ मागू शकतो. त्याने टिपलेली माहिती अठरा महिने त्याचीच असते. त्यानंतर ती सर्वांना खुली होते. कष्ट करणाऱ्याला आधी संधी, मग जगाला. याहून न्यायाचा हिशेब कोणता?

येथवर विद्यार्थ्याच्या फायद्यातोट्याचे झाले. पण प्रबंध जमा करण्याला दुसरी बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रबंध ज्यांच्याविषयी लिहिला, त्यांचे काय?

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके संशोधकांचे मोठे आवडते. शिवनेरी आहे, दोनशेंच्या वर लेणी आहेत, कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत, भीमाशंकरचे रान आहे, हिरडा गोळा करणारे महादेव कोळी आहेत, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे आणि उसात बिबटे आहेत. वही घेऊन येणारा पाहुणा येथे नवा नाही. लोक त्याला चहा देतात, ओसरीवर बसवतात, आठवेल ते सांगतात. पाहुणा जातो, दोन वर्षांनी त्याला पदवी मिळते, आणि ओसरीवरच्या माणसाला आपण काय सांगितले व त्याचे पुढे काय झाले, हे कधी कळत नाही.

हे कळणे किती निकडीचे असू शकते, त्याचे उदाहरण बिबट्याचेच घ्या. या भागात बिबट्या पकडून दूर जंगलात सोडण्याचा उपाय झाला. वरकरणी अगदी शहाणपणाचा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या नोंदी अभ्यासून २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते उलटेच : बिबटे असे हलवू लागल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले होते. हा काही पीएच.डी.चा प्रबंध नव्हे, विद्वानांच्या नियतकालिकातला इंग्रजी निबंध. पण मुद्दा तोच. ही गोष्ट सर्वांत आधी कोणाला कळायला हवी? पहाटे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला आणि ‘पिंजरा लावा’ म्हणून वनखात्याच्या दारात बसणाऱ्या गावाला. ज्ञान कपाटात राहिले, तर त्याची किंमत कपाटाला पडत नाही. शेतावरच्या माणसाला पडते.

म्हणून प्रबंध नुसता भांडारात टाकून भागत नाही. तो सापडला पाहिजे. येथे नाणेघाटाची आठवण होते.

जुन्नरच्या बाजारपेठेतून कोकणात उतरणाऱ्या त्या घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. डाव्याउजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे : कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती नाणी दक्षिणा दिली, त्याचा आकड्यांसह हिशेब. भारतातल्या अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज त्या मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या कोठे कोठे उरल्या आहेत. परंतु मूर्तींच्या डोक्यावर कोरलेली नावे अजून वाचता येतात. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णी ही मंडळी येथे उभी होती हे आपल्याला कळते ते मूर्तींवरून नव्हे, त्या नावांच्या पाटीवरून.

प्रबंध भांडारात चढवताना जो एक कंटाळवाणा तक्ता भरावा लागतो (शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, भाषा, सारांश, शोधशब्द) ती ही डोक्यावरची पाटी. पुष्कळ विद्यार्थी तो घाईघाईने भरतात किंवा दुसऱ्याला भरायला सांगतात. शीर्षक ‘एक चिकित्सक अभ्यास’ एवढेच लक्षात राहील असे असते आणि शोधशब्दांत ‘समाज’, ‘बदल’, ‘विकास’. अशा पाटीवरून आंबेगावच्या माणसाला आपले आंबेगाव कसे सापडावे? गावाचे नाव, तालुक्याचे नाव, नदीचे नाव, जमातीचे नाव स्पष्ट लिहावे. देवनागरीत लिहावे, रोमनमध्येही लिहावे. आणि रोमनमध्ये ज्या दोनतीन तऱ्हांनी ते लिहिले जाते त्या सगळ्या द्याव्यात. नाणेघाटच इंग्रजी ग्रंथांत कधी ‘नानाघाट’ म्हणून भेटतो, कधी ‘नाणेघाट’ म्हणून. संगणक फार आज्ञाधारक असतो, पण मनकवडा नसतो.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना तर आणखी एक खड्डा चुकवावा लागतो. श्रीलिपी, कृतिदेव अशा नावांच्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या पोटात तो रोमन अक्षरे म्हणूनच साठलेला असतो. कृतिदेवात पडद्यावर ‘क’ दिसतो तेव्हा आत ‘डी’ असतो! असा चारशे पानी प्रबंध भांडारात सुखाने पडून राहतो आणि त्यातला एकही शब्द शोधणाऱ्याला सापडत नाही. छापील पानांची नुसती छायाचित्रे काढून चढवली, तरी तीच गत. उपाय एकच : पहिल्या प्रकरणापासून युनिकोडमध्ये लिहावे. आणि पीडीएफ तयार झाल्यावर घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी. त्यातली एक ओळ उचलून दुसऱ्या कोऱ्या पानावर चिकटवावी. ‘कुकडी’चे ‘कुकडी’च राहिले तर प्रबंध पास. चिन्हांची भेळ झाली तर ग्रंथालयाची पायरी चढण्यापूर्वी दुरुस्ती करावी. तोंडी परीक्षेइतकीच ही परीक्षा महत्त्वाची आहे, आणि हिला बाहेरचे परीक्षक लागत नाहीत.

आता सर्वांत नाजूक भाग. प्रबंध पेठेत येणार, म्हणजे त्यात ज्यांची नावे आहेत तीही पेठेत येणार.

समजा, घोडेगावची एक मुलगी डिंभे धरणाच्या विस्थापितांवर प्रबंध लिहिते आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळचे आंबेगाव या धरणाच्या जलाशयात गेले. म्हणून तालुक्याचे नाव आंबेगाव आणि कचेरी घोडेगावला. तिला एक आजीबाई भेटतात. गाव कसे उठले, बाजार कोठे भरायचा, जमिनीचे पैसे कोणत्या भावाने कोणता हिस्सा घेतला, कोणाला फसवले, सगळे मोकळेपणाने सांगतात. कपाटात जाणाऱ्या प्रबंधात हे छापले तर फारसे कोणी वाचणार नव्हते. फोनवर उघडणाऱ्या प्रबंधात ते आजीबाईंचा पुतण्याच पहिल्यांदा वाचील. तेव्हा मुलाखत घेतानाच सांगितले पाहिजे, की ‘आजी, हे सगळ्यांना वाचता येईल, तुमचे नाव घालू का?’ त्या नाही म्हणाल्या तर नाव बदलावे. नुसते नाव बदलून जर ओळख लपत नसेल, तर मजकूर बदलावा. याच तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेंवर माणसे गेली. त्या दुर्घटनेची कारणे, पाऊस, उतार, माती यांचा अभ्यास जितका खुला होईल तितका पुढच्या गावाला उपयोगी. पण घरातली माणसे गमावलेल्या एखाद्याने ओक्साबोक्शी रडत सांगितलेले शब्द त्याच्या नावागावासह परिशिष्टात जोडण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही.

याच्या उलट चूकही होते. जात्यावरच्या ओव्या, वनौषधींची माहिती, बियाण्यांची पारख सांगणाऱ्या बायाबापड्यांची नावे ‘एक वृद्ध स्त्री’ म्हणून गाळली जातात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह आज खुला आहे. त्यात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव असते. जिथे दुःख आहे तिथे नाव झाकावे; जिथे विद्या आहे तिथे नाव द्यावे, आणि दोन्ही ठिकाणी विचारून करावे. मोठी पोथी नको, एवढे सूत्र पुरे.

व्यवहाराच्या चार गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. परीक्षकांच्या सूचनांनंतर दुरुस्त केलेलीच प्रत द्यावी. घाईत जुनी प्रत चढली तर जगाला तीच दिसत राहते. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची यांच्या फाइली ग्रंथालय सांगेल तशा वेगळ्या करून, क्रमांक घालून द्याव्यात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अगदी अंतिम’ अशी नावे घरात शोभतात, भांडारात नाहीत. दुसऱ्याचे नकाशे, छायाचित्रे वापरली असतील तर परवानगी घ्यावी. लोकांचे फोन क्रमांक, पत्ते, सह्या असलेली परिशिष्टे काढून टाकावीत. चढवलेला प्रबंध पंधरा दिवसांनी स्वतः शोधून, उघडून पाहावा. आणि तिची एक प्रत घरी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी, कारण संगणक बिघडायला नेमका तोच आठवडा निवडतो.

राहता राहिली भाषा. शास्त्राचे प्रबंध इंग्रजीत असतात आणि ते तसे असायला हरकत नाही. खोडदची दुर्बीण दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, लोकांना पाहायला खुली असते. आसपासच्या शाळांची मुले येतात, त्या प्रचंड थाळ्यांकडे माना उंच करून पाहतात. आपल्या गावच्या या थाळ्यांनी आकाशात काय पाहिले, हे त्या मुलांना कोण सांगणार? प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा साधा मराठी सारांश जोडला, तर केवढे काम होईल! तो लिहायला एक रविवार पुरतो. आणि ज्या संशोधकाला आपले पाच वर्षांचे काम दोन पानांत आईला समजेल असे सांगता येत नाही, त्याने ते स्वतःला तरी समजले आहे का, हे एकदा तपासून पाहावे.

खुलेपणाचा आणखी एक गुण आहे. नाणेघाटाचा लेख जॉर्ज ब्यूलरने १८८३ साली छापला. पुढे वा. वि. मिराशींनी तो पुन्हा वाचला आणि काही ठिकाणी वेगळा अर्थ लावला. भिंत उघडी होती, म्हणून वाद झाला; वाद झाला, म्हणून ज्ञान पुढे सरकले. आपल्या प्रबंधातली चूक कोणीतरी काढील, ही धास्ती पुष्कळांना असते. काढू द्यावी. न वाचल्यामुळे निर्दोष राहिलेला प्रबंध काय कामाचा?

जुन्नरच्या लेण्यांत दानाचे कितीतरी लेख आहेत. बुरूडकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख त्यांत आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. टाके देणाऱ्याने आपले नाव दगडावर कोरून ठेवले, पण पाण्याला झाकण घातले नाही. नाव त्याचे आणि पाणी वाटसरूचे, असा तो व्यवहार.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत ज्या घरी नवा डॉक्टर फराळाला बसला असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी करंजी पुढे करताना एवढेच विचारावे : “बाळ, प्रबंध जमा केलास ना? मग आता मला माझ्या फोनवर तो शोधून दाखव.”